मेसेज कुणाच्या फोनवर?

सकाळची साडेसात-आठची वेळ. तव्यावर भाकरी, बाजूच्या शेगडीवर चहा, मुलाची मोज्यांची शोधाशोध आणि तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजतो, 'टिंग!' हात पिठाचे असतात म्हणून मी मान वाकडी करूनच वाचते. 'व्हॉल्व्ह २ सुरू. वेळ ४ मिनिटे.' म्हणजे पॉलिहाऊसमधल्या दुसऱ्या भागाला पाणी सुटलं. मी भाकरी उलटते.

घरी कुणी पाहुणी आलेली असली तर हमखास विचारते, ''कुणाचा गं मेसेज, एवढ्या सकाळी?''

मी सांगते, ''स्ट्रॉबेरीचा.''

पाहुणी हसते. मीही हसते. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, हा मेसेज माझ्या फोनवर यायला दोन वर्षं गेली आणि एक कुलूप फोडावं लागलं. त्याचीच ही हकिगत.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातलं. द्राक्षांचा आणि बेदाण्याचा मुलूख. घरची बाग गावापासून लांब, मळ्यात. आम्ही राहायचो मळ्यातच. आमच्या लहानपणी शेतीच्या विजेच्या पाळ्या असायच्या, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आमचं घर एक कान उघडा ठेवून झोपायचं. आण्णा दिवसभर राबून आलेले, पाठ टेकली की घोरायला लागायचे. आईला मात्र झोप नसायची. मोटारीच्या लाईनवर एक बल्ब टांगलेला होता. तो पेटला की आईचा आवाज यायचा, ''अहो, उठा. लाईट आली.''

माझ्या लहानपणी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच असेल. मग आण्णा बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीकडे जायचे. साप-किरडाचं भय, थंडीचे दिवस, वाटेत चिखल. ते परत येईपर्यंत आई उंबऱ्यावर बसून राहायची. आजच्या भाषेत सांगायचं तर आमच्या घरचा सेन्सर म्हणजे आई. पण मोटार चालू करायला आण्णा गेले म्हणून 'पाणी आण्णांनी दिलं' असंच सगळे म्हणायचे.

पाणी किती द्यायचं तेही आईच ठरवायची. ठिबकच्या तोटीखालची माती बोटांनी उकरायची, मुठीत घेऊन दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर म्हणायची, ''आज नको.'' भुगा झाला तर, ''सोडा.'' पुढे २०१२-१३च्या दुष्काळात आमच्याकडच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या, तेव्हा त्या मुठीची किंमत कळली. विकत आणलेलं पाणी एक तास जादा सुटलं तरी जीव हळहळायचा.

ठिबकचं तंत्र मुळात इस्राएलमधलं. सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरची कल्पना आणि १९६५ मध्ये हात्झेरिम नावाच्या सामूहिक वसाहतीने त्याचा काढलेला कारखाना. पण रात्री उठून मोटार चालू करण्याचं दुखणं आपलं होतं आणि त्यावरचा उतारा पुण्यात निघाला. संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहून मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' हे यंत्र तयार केलं. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. पुढे बऱ्याच कंपन्यांनी तसले मोबाईल स्टार्टर काढले आणि ते गावोगाव पोचले. आमच्या मळ्यातही एक आला. वीज आली की आण्णांच्या फोनला रिंग यायची, आण्णा पांघरुणातूनच बटण दाबायचे. आई म्हणाली, ''आता मला झोप लागत नाही, त्याला कारणच उरलं नाही बघ.''

लग्न होऊन मी आले ती थेट कृष्णेच्या उगमाकडे, सातारा जिल्ह्यात, पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात. क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड करत सांगलीला जाते आणि तिचंच पाणी म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या योजनांनी उचलून सांगलीच्या कोरड्या तालुक्यांना दिलं जातं. आई गमतीने म्हणते, ''तुझ्या सासरचं पाणी पितात आमची द्राक्षं.''

सासरी स्ट्रॉबेरी. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या पट्ट्याला केवढा आनंद! इथली बहुतेक स्ट्रॉबेरी उघड्या रानातच होते. गादीवाफा, त्यावर मल्चिंगचा कागद, खाली ठिबक. मातृरोपं परदेशातून येतात, वाईकडच्या रोपवाटिकांत त्यांची पिल्लं धरतात आणि पाऊस ओसरायला लागला की ती वर येऊन लागतात. थंडीत फळ सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत चालतं. पण महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. तो लांबला की रोपं कुजतात. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, फोटो बघून 'अय्या, किती छान' म्हणता. त्या रात्री आमची फुलं करपतात हो! आणि गंमत बघा, एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढाताण असतेच. डोंगरावरचं पाणी डोंगरावर थांबत नाही.

म्हणून आमच्या ह्यांनी दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं. त्याला आता सहा वर्षं झाली. आत माती नाही. कमरेइतक्या उंचीच्या घोड्यांवर नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, म्हणजे कोकोपीटच्या, लांबट पिशव्या आणि त्यांत रोपं. तोडणी करताना वाकावं लागत नाही, हे आम्हा बायकांच्या कमरेला फार सुखाचं. पण त्यातली गोम आधी समजून घ्या. रानातलं रोप पाण्यासाठी खोल मूळ सोडतं. एक दिवस पाणी चुकलं तरी जमीन त्याला सांभाळून घेते. पिशवीतल्या रोपाला ती सोय नाही. त्याचं सगळं जग म्हणजे ती ओंजळभर भुशाची पिशवी. म्हणून त्याला दिवसातून पाच-सात वेळा, थोडं थोडं, खत मिसळलेलं पाणी द्यावं लागतं, अगदी तान्ह्या बाळासारखं. फेब्रुवारीच्या उन्हात दोन-तीन पाळ्या चुकल्या की संपलं.

एवढ्या वेळा माणूस कुठे धावणार? म्हणून यंत्र. पिशवीत खुपसलेला एक दांडा ओलावा मोजतो. छताखाली टांगलेला डबा उष्णता आणि हवेतली आर्द्रता मोजतो. पंपाच्या खोलीत कंट्रोलर असतो. ओलावा ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेला की तो मोटार चालू करतो, ज्या भागाला पाणी हवं त्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि वेळ झाली की बंद करतो. पाण्यातल्या खताचं प्रमाण 'ईसी' नावाच्या आकड्यात कळतं, आंबटपणा 'पीएच'मध्ये. स्ट्रॉबेरीला पीएच साधारण साडेपाच ते साडेसहा मानवतो आणि खारटपणा मुळीच सोसत नाही. सगळं झालं की यंत्रातलं सिमकार्ड फोनवर मेसेज पाठवतं. ऐकायला केवढं छान!

यंत्र बसवायला इंजिनिअर आले तो दिवस मला नीट आठवतो. पॉलिहाऊसच्या दारात खुर्च्या मांडल्या होत्या. हे, माझे दीर, शेजारचे दोघे-तिघे असे सगळे पुरुष गोल बसले. इंजिनिअरने दोन तास समजावून सांगितलं. मी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकी, दोघींनी तीन वेळा चहा नेला. चहा देताना कानावर पडलं तेवढं पडलं. आत रोज सहा-सात तास काम करणाऱ्या आम्ही पाच बायका. जुनी पानं काढणं, धुमारे खुडणं, तोडणी, प्रतवारी, डबे भरणं, सगळं आम्ही करणार. पण आम्हाला कुणी 'तुम्हीही बसा' म्हटलं नाही. आणि खरं सांगते, आम्हालाही वाटलं नाही की बसावं. फोन नंबर द्यायची वेळ आली तेव्हा ह्यांनी स्वतःचा दिला आणि दिरांचा दिला. पंपाच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली ह्यांच्या मोटारसायकलच्या जुडग्यात गेली.

दोन वर्षं सुरळीत चाललं. आणि मग तो फेब्रुवारी आला.

हे सकाळीच साताऱ्याला बँकेच्या कामाला गेले होते. दीर माल घेऊन वाशी मार्केटला. बाराच्या सुमारास काकी आतून हाक मारत आल्या, ''ताई, जरा बघा बरं, पानांनी कान पाडल्यासारखे दिसतायत.'' मी आत गेले. कडेच्या ओळींची पानं मलूल, कडा आत वळलेल्या. माझं लक्ष खालच्या पन्हाळीकडे गेलं. पिशव्यांतून झिरपलेलं पाणी त्या पन्हाळीतून एरवी थेंब थेंब टपकत असतं. पन्हाळ कोरडी ठणठणीत.

मी ह्यांना फोन लावला. त्यांनी तिथेच मोबाईलवर बघितलं. ''अगं, सगळं हिरवं दाखवतोय. ओलावा भरपूर आहे. उन्हाने मान टाकली असेल. उगाच पाणी सोडू नकोस, मुळं कुजतील.''

आता त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. जादा पाण्याने मुळं कुजतात हे खरंच आहे. आणि एवढं महागाचं यंत्र, शिकलेल्या माणसाने बसवलेलं, ते हिरवं म्हणतंय तर मी कोण लाल म्हणणार? मी पाऊण तास तशीच घुटमळले. त्या पाऊण तासाची टोचणी मला अजून आहे.

शेवटी सासूबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ कडेची पिशवी दोन्ही हातांनी जराशी उचलली. ''हलकी हाय.'' दुसरी उचलली. ''ही बी हलकी.'' असं करत करत त्या सेन्सरच्या पिशवीपाशी आल्या. ती काही हलेना. ''ही एकलीच प्यालीय बघ, बाकी सगळ्या उपाशी.''

मी म्हटलं, ''आत्या, पंपाच्या खोलीला कुलूप आहे.''

त्या म्हणाल्या, ''मग पहार कशाला ठेवलीय?''

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण सासरचं कुलूप फोडायची वेळ पहिल्यांदाच आली. दोन घाव घातले आणि ते पडलं. कंट्रोलरचा खटका 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर केला, खताच्या टाकीची नळी बंद केली आणि नुसतं साधं पाणी सोडलं. एवढं मात्र मला माहीत होतं. पिशवीतलं पाणी रोप पिऊन टाकतं, पण खताचा क्षार मागे उरतो, म्हणून सुकलेल्या पिशवीला आधी साधं पाणी द्यायचं. पाच मिनिटं पाणी, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा पाच मिनिटं. दिवेलागणीपर्यंत आम्ही पाचजणी आतच होतो. आतल्या ओळी सावरल्या. कडेच्या चार ओळींची फुलं आणि कोवळी फळं गेली. त्या ओळींचा एक अख्खा तोडा गेला.

संध्याकाळी हे आले. दारात पडलेलं कुलूप बघितलं, आत जाऊन ओळी बघितल्या. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ''कुलूप केवढ्याचं असेल गं?''

मी म्हटलं, ''असेल शंभर-दीडशेचं.''

''बरं केलंस तोडलंस ते.''

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आले आणि पाचच मिनिटांत त्यांना कारण सापडलं. सेन्सरच्या पिशवीत पाण्याच्या दोन नळ्या खोचलेल्या होत्या, एक तिची स्वतःची आणि एक शेजारच्या पिशवीतून निसटलेली. ती एकटी पिशवी दुप्पट पाणी पीत होती. सेन्सर तिच्यातच, त्यामुळे त्याला वाटलं, सगळीकडे चिंब आहे. म्हणून त्याने बाकीच्यांचंही पाणी तोडलं. इंजिनिअर म्हणाले, ''सेन्सर खोटं बोललेला नाही. त्याने त्याच्या पिशवीपुरतं खरंच सांगितलं.''

नळी कुणी खोचली? पानं काढताना ती लोंबकळताना दिसली आणि काकींनी जवळच्या पिशवीत खोचली. चांगल्या मनाने. पाणी वाया जाऊ नये म्हणून. हे कळल्यावर काकी रडायलाच लागल्या, ''मी बाई मुद्दाम नाही हो केलं.''

मला तेव्हा तो चहाचा दिवस आठवला. ह्याच काकींनी तीन वेळा चहा नेला होता. तो दांडा काय आहे, त्या पिशवीला का हात लावायचा नाही, हे त्या दोन तासांत सगळ्यांना सांगितलं गेलं. फक्त जी बाई रोज त्या पिशवीला हात लावते, तिला सोडून. चूक काकींची नव्हती. यंत्राचीही नव्हती. चूक त्या खुर्च्यांच्या मांडणीची होती.

त्या दिवशी मी इंजिनिअरला म्हटलं, ''चहा झालाय, पण आधी आम्हाला सांगा.'' पाचही जणी आत गोल उभ्या राहिलो. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं आणि आम्ही विचारलेले प्रश्न असे होते की ते स्वतःच विचारात पडले. काकींनी विचारलं, ''तो एकाच पिशवीचं ऐकून सगळ्यांचं का ठरवतो?'' अगदी बरोबर प्रश्न! आता आमच्याकडे तीन सेन्सर आहेत, एक कडेला, एक मध्ये, एक दुसऱ्या टोकाला. तिघांचं पटलं नाही तर यंत्र मेसेज पाठवतं. त्या पिशव्यांना लाल फीत बांधली आहे. सेन्सर काही म्हणो, दिवसातून अमुक इतक्या वेळा थोडं पाणी द्यायचंच, अशी सोयही यंत्रात असते. ती आमच्यात पहिल्यापासून होती, पण कुणी वापरलीच नव्हती.

आणि पन्हाळीच्या तोंडाशी बादली. रोज संध्याकाळी काकी ती मोजतात. शंभर लिटर पाणी दिलं तर साधारण पंधरा-वीस लिटर झिरपून बाहेर यायला हवं. फार कमी आलं तर रोपं तहानलेली आणि आत क्षार साठतोय. फार जास्त आलं तर पाणी आणि खत, दोन्हीचे पैसे नाल्यात. ना वीज लागते, ना सिमकार्ड. काकी सहीपुरत्या शिकलेल्या, पण बादलीवर आकड्यांच्या रेघा मारल्यात. त्या वहीत स्वतः लिहितात.

माझा नंबर यंत्रात घातला गेला तो त्याच दिवशी. ह्यांनीच घातला. मी कुठे मागत होते?

नंतर माहेरी गेले तेव्हा हे सगळं आईला सांगितलं. तिथेही आता काळ बदललाय. २०१९च्या ऑक्टोबरमधल्या पावसाने द्राक्षांची जी दैना केली, तिचा धसका घेऊन दादाने बागेत छोटं हवामान केंद्र बसवलं. सरकारनेही २०१७ पासून 'महावेध'मधून मंडळामंडळात दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी केली आहेत. पण मंडळाचा पाऊस वेगळा आणि आपल्या बांधाच्या आतला वेगळा. दादाच्या यंत्रात एक नकली पान आहे. ते किती तास ओलं राहिलं हे मोजतं, कारण पान जितका वेळ ओलं, तितका डाउनीचा म्हणजे केवड्याचा धोका जास्त. पहाटे मेसेज येतो, 'धोका जास्त'. तो येतो वहिनीच्या फोनवर, कारण दादा नोकरीला आणि बाग वहिनीच बघते. ती उठते, बागेत जाऊन घड वाकवून बघते आणि मगच फवारणीचं ठरवते. म्हणाली, ''मेसेज आला म्हणून फवारलं असं मी करत नाही वन्सं. पण मेसेज आला म्हणून बघायला मात्र जाते.'' पूर्वी ठरलेल्या दिवशी फवारायचेच, आता काही फवारण्या वाचतात. औषधाचे पैसे वाचतात आणि फवारणाऱ्याच्या छातीत जाणारं विषही.

मी वहिनीला विचारलं, ''तुझा नंबर कसा काय लागला गं?'' ती म्हणाली, ''कारण सातबाऱ्यावर माझं नाव आहे.''

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बघा ना, साखळी कशी आहे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, अनुदानाचा अर्ज त्याचा. अर्ज त्याचा म्हणून महाडीबीटीवरचा ओटीपी त्याच्या फोनवर. अनुदान त्याचं म्हणून कंपनीचं बिल त्याच्या नावावर. बिल त्याचं म्हणून गिऱ्हाईक तो, आणि गिऱ्हाईक तो म्हणून मेसेज त्याला. पिशवी उचलणारी बाई या साखळीत कुठेच नाही. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बायका जेमतेम चौदा. रानात जाऊन मोजा, किती दिसतात ते.

हे काही आजचं दुखणं नाही. शेतकरी संघटनेच्या बायकांनी १९८६ मध्ये चांदवडला अधिवेशन भरवलं. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. १९९२ मध्ये सरकारनेही निर्णय काढून नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट करून दिली. वाट आहे, पण त्या वाटेने जाणारे थोडे. आमच्याकडे अर्ज केलाय. हे स्वतः माझ्याबरोबर तलाठी कार्यालयात आले. सही करताना म्हणाले, ''आधी कुलूप, आता सातबारा!'' पण हसून म्हणाले.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे पॉलिहाऊस नसेलही. पण मोबाईल स्टार्टर असेल, ठिबकचं टायमर असेल, निदान येणार तरी असेल. चार गोष्टी अनुभवाच्या सांगते. यंत्र बसवायला माणूस येईल त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणालातरी करायला सांगा आणि तुम्ही खुर्ची घेऊन बसा. तुमचा नंबर त्यात घालून घ्या, आणि यंत्रातल्या सिमचं रिचार्ज कधी संपतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॅसचा नंबर लावलेला लिहितो तसं. यंत्र बंद पडलं तर हाताने पाणी कसं सोडायचं, ते एकदा स्वतः करून बघा. किल्ली खुंटीवर ठेवा, जुडग्यात नको. आणि मालक, मालकीण, मजूर, जे कुणी त्या पिकाला हात लावतं, त्या प्रत्येकाला सांगा की हा दांडा कशाचा आहे.

यंत्र वाईट नाही हो. ज्या रात्री थंडी उतरते आणि फोन वाजतो, तेव्हा मी उठून पडदे सोडते आणि फुलं वाचतात. आईसारखं रात्रभर उंबऱ्यावर बसावं लागत नाही. पाणी वाचतं, वीज वाचते, झोप मिळते. फक्त ते ज्या पिशवीत खोचलंय, तिच्यापुरतंच त्याला कळतं. बाकीच्या पिशव्यांचं आपल्याला कळायला हवं.

परवा संध्याकाळी फोन वाजला. 'सर्व भाग ठीक. ओलावा योग्य.' मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ''बरं झालं.'' आणि चपला घालून पॉलिहाऊसकडे निघाल्या.

मी विचारलं, ''आता कुठे निघालात आत्या? ठीक आहे म्हणतोय ना तो?''

''त्यो म्हणतोय गं,'' त्या म्हणाल्या, ''पर एक डाव उचलून बघते.''

मीही गॅस बंद केला आणि त्यांच्या मागोमाग निघाले.